बोचक्याचे वजन

वॉर्डातील मळक्या कपड्यांचे बोचके किती जड व्हावे, हे ते उचलणाऱ्या मावशींच्या हाती नसते. सकाळची पाळी बदलण्याच्या घाईत जो कुणी चादरीची चार टोके ओढून गाठ मारतो, तो ते ठरवतो. आणि पुढे ते बोचके धुलाईच्या खोलीपर्यंत नेण्याच्या वेळी तो तेथे हजर असतोच असे नाही. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. कंबर धरलेल्या, पाठीत चमक भरलेल्या मावशी आणि मामा मी तेथे पाहिले, आणि त्या प्रत्येकाला मिळालेला सल्ला एकच होता, की वाकताना जरा सांभाळून वाकत जा. हा सल्ला खोटा नाही, मात्र तो चुकीच्या माणसाला दिला जातो, असे माझे मत आहे. आधी सांभाळायला हवे ते गाठ मारणाऱ्याने.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारणपणे ३० खाटांचे. खाटा ३० असल्या तरी कपड्यांचा पसारा त्या मानाने फार मोठा असतो. प्रत्येक खाटेची चादर, तिच्यावर कमरेच्या भागात घातलेली आडवी चादर, उशीचा अभ्रा, थंडीत ब्लँकेट, प्रसूतिगृहातील कपडे, शस्त्रक्रियागृहातील जाड हिरवे कापड, गाऊन, टॉवेल, असे सगळे एकाच वाटेने धुलाईला जाते. हिवाळ्यात कुटुंबकल्याण शस्त्रक्रियांचे शिबिर असले, की खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात आणि दुसऱ्या दिवशीचा ढीग नेहमीपेक्षा कितीतरी मोठा होतो. साधी सुती चादर कोरडी असताना अर्धा ते पाऊण किलो भरते, म्हणजे ३० चादरींचेच १५ ते २२ किलो झाले. त्यात आडव्या चादरी, अभ्रे आणि चार-सहा ब्लँकेट पडले, की ३० किलोंचा आकडा सहज ओलांडला जातो, आणि तोही सगळे कोरडे आहे असे धरून. कापसाच्या मुलखातील माणसाला हे वेगळे सांगायला नको, की सुती कापड आपल्या वजनाच्या दुपटीएवढे पाणी धरून ठेवते. भिजवून न पिळलेली एक चादर त्यामुळे दोन किलोंच्या घरात जाते.

बोचक्याचा मूळ दोष असा, की त्याला तोंड नसते. पिशवी भरली की भरली, वरून काही टाकले तर ते खाली पडते. चादर पसरून तिच्यावर कपडे टाकत गेले, तर मात्र टोके एकमेकांना कशीबशी भिडेपर्यंत भर घालता येते, आणि टोके भिडेनाशी झाली तर दुसरी चादर वरून आडवी टाकून पुन्हा गाठ मारता येते. शिवाय अशा बोचक्याला धरायला कान नसतात. गाठ हातात येते ती एकच, तीही ओढाताणीने घट्ट झालेली, आणि बाकीचा सगळा भार खालच्या बाजूला लोंबत राहतो. उचलणाऱ्याला मग ते दोन्ही हातांनी खालून कवटाळावे लागते. मावशींना स्वतःलाही एकच मोठे बोचके हवे असते, हे मी येथे प्रामाणिकपणे नोंदवते. वॉर्डापासून धुलाईच्या खोलीपर्यंत उन्हात तापलेले आवार ओलांडावे लागते. "सिस्टर, दोन खेपा कोन करन? एकाच खेपीत निपटते ना," असे मला एका मावशींनी सुनावले होते, आणि पहाटे उठून घरचे पाणी भरून, भाकरी थापून कामावर आलेल्या बाईच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. खेप वाचवण्याचा मोह होऊ नये, अशी वाट आणि असे साधन देणे हे रुग्णालयाचे काम आहे. ते न देता मोहाबद्दल बोल लावणे मला पटत नाही.

वजन आणि अंतर यांचा हिशेब आपल्याकडील गाडीवानाला पुस्तकाशिवाय कळतो. बैलगाडीत माल चाकांच्या आसावर नीट बसला, तर बैल रमतगमत चालतात. तेवढाच माल पुढच्या टोकाला सरकला, तर जू त्यांच्या मानेवर बसते. पाठीच्या कण्याचेही तसेच आहे. कटीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती आणि तिच्या खालची चकती हा येथला आस. कण्याला मागून धरून ठेवणारे स्नायू या आसापासून जेमतेम पाच सेंटीमीटर अंतरावरून ओढत असतात. बोचके जर आसाच्या पुढे ५० सेंटीमीटरवर असेल, तर अंतर दसपट झाले, म्हणून स्नायूंनाही दसपट जोर लावावा लागतो. दहा किलोंचे बोचके लांब हाताने धरले, तर नुसत्या बोचक्यापायी स्नायूंची ओढ १०० किलोंच्या आसपास जाते, आणि वाकलेल्या धडाचे, डोक्याचे, हातांचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते. हा सगळा जोर शेवटी त्या लहानशा चकतीवर दाबाच्या रूपाने येतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संशोधन संस्था, जिला तिच्या आद्याक्षरांवरून नायॉश म्हणतात, तिने चकतीवरील दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन धरली आहे, म्हणजे सुमारे ३५० किलोंचा भार. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण वरचा हिशेब पाहिला तर तो किती लवकर गाठला जातो हे ध्यानात येते.

याच संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले एक गणित आहे, ते मला फार उपयोगी वाटते, कारण त्यात माणसाला दोष देण्याची सोय नाही. गणित २३ किलोंपासून सुरू होते. परिस्थिती सर्व बाजूंनी अनुकूल असेल, म्हणजे भार शरीरालगत, कमरेच्या जरा खाली, न वळता आणि क्वचितच उचलायचा असेल, तरच हे २३ किलो. पुढे प्रत्येक अडचणीसाठी त्यातून कपात होते. आपल्या वॉर्डातील नेहमीची परिस्थिती त्यात घालून पाहू. बोचके जमिनीवर आहे, हात जमिनीलगत गेले आहेत, भार घोट्यांपासून ५० सेंटीमीटर पुढे आहे, तो ९० सेंटीमीटर उंचीच्या ट्रॉलीत टाकायचा आहे, ट्रॉली समोर नसून ४५ अंशांत बाजूला आहे, आणि धरायला कान नाहीत. अंतरामुळे २३ चे साडेअकरा होतात. जमिनीवरून उचलण्यामुळे ते नऊच्या खाली येतात. उंचीमुळे पावणेआठ, कमरेतून वळण्यामुळे साडेसहाच्या जरा वर, आणि पकड वाईट असल्यामुळे शेवटी सहा किलो. एका दिवसात असे पुन्हा पुन्हा उचलायचे असेल, तर आणखी कपात होते, ती मी येथे धरलेली नाही. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने कामगारांसाठी एक मार्गदर्शक तक्ता दिला आहे, तोही याच्या जवळपास येतो. कमरेच्या उंचीवर शरीरालगतचा भार स्त्रीसाठी १६ किलो, पण तोच जमिनीलगत असेल तर ७ किलो, आणि जमिनीलगत असून हात लांब करावे लागत असतील तर ३ किलो. आमच्या वॉर्डातील बोचके यांपैकी कुठल्या रकान्यात बसते, हे सांगण्याची गरज नाही.

या गणिताची आणखी एक अट विदर्भात बसून वाचली, की हसू येते. ते १९ ते २६ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, धुलाईच्या खोलीत त्यावर गरम पाण्याची वाफ असते, आणि पंखा असला तर वीज असेल असे नाही. पाय घसरणार नाही अशी फरशी हीदेखील त्याची अट आहे. धुलाईच्या खोलीची फरशी साबणाच्या पाण्याने ओली नसेल, असा क्षण मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे सहा किलो हीसुद्धा उदार मर्यादा झाली.

आता उलट बाजू पाहू. तेच बोचके जमिनीऐवजी ७५ सेंटीमीटर उंचीच्या ओट्यावर ठेवले, ट्रॉली त्याला लागून समोर आणली, आणि भार ३० सेंटीमीटरच्या अंतरात आला, तर पकड वाईटच राहिली तरी मर्यादा १७ किलोंवर जाते. बाई तीच, पाठ तीच, चादरीही त्याच. ओटा बांधण्याने आणि ट्रॉली फूटभर पुढे सरकवण्याने मर्यादा जवळजवळ तिप्पट होते, आणि ‘सांभाळून वाका’ हा सल्ला हजार वेळा दिला तरी तेवढे होत नाही. हे केवळ माझे मत नाही. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावर जगभरात झालेल्या अभ्यासांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये आढावा घेतला, तेव्हा नुसत्या सल्ल्याने आणि प्रशिक्षणाने पाठदुखी टळते असा पुरावा सापडला नाही. तालुक्याच्या औषधदुकानात मिळणाऱ्या कमरपट्ट्याचीही तीच गत. धडधाकट कामगाराला पट्ट्यामुळे संरक्षण मिळते असे म्हणता येत नाही, हे नायॉशने १९९४ मध्येच सांगितले. पट्टा बांधला की अंगात बळ आल्यासारखे वाटते आणि माणूस पाच किलो जास्त उचलायला जातो, हा त्यातील खरा धोका. हमाल कमरेला दुपट्टा आवळतात त्याचेही मला तेच वाटते.

तरीही उचलण्याची पद्धत शिकवू नये असे मी म्हणणार नाही, कारण ओटा बांधून होईपर्यंत बोचकी थांबत नाहीत. भाराच्या अगदी जवळ उभे राहावे, एक पाऊल जरा पुढे ठेवावे, गुडघे आणि खुबे यांतून खाली जावे, भार आधी आपल्याकडे ओढून घ्यावा आणि मग उठावे, हिसका देऊ नये, आणि वळायचे असेल तर कमरेतून न वळता पावले टाकून वळावे. एवढे सगळ्या भिंतीपत्रकांवर असते. भिंतीपत्रकांवर नसते ते असे, की त्यातील चित्रात माणसाने लहानसे चौकोनी खोके उचललेले असते, जे त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसते. बोचके गुडघ्यांच्या मध्ये बसत नाही. गुडघे पूर्ण वाकवून खाली बसले, तर ते गुडघ्यांच्याही पुढे जाते, अंतर वाढते, आणि पाठ वाचवण्यासाठी केलेली बैठक पाठीलाच महाग पडते. पन्नाशीच्या मावशींचे गुडघे निंदणाला बसून आधीच झिजलेले असतात. त्यांना उकिडवे बसून भार घेऊन उठा असे सांगणे म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे घेणे. अशा वेळी बोचके सोडावे, त्याचे दोन-तीन लहान भाग करावेत आणि एका हाताने खाटेचा किंवा टेबलाचा आधार घेऊन हलका भाग उचलावा. गाठ सोडायला लाज कसली? पण बांधलेली गाठ सोडणे म्हणजे कामचुकारपणा, अशी समजूत कुठून तरी आलेली असते आणि ती जाता जात नाही.

सकाळची वेळ हाही एक वेगळा मुद्दा आहे. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांतील चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली चकती वाकण्याचा ताण कमी सहन करते, आणि अंथरुणातून उठल्यानंतरचा पहिला तास या दृष्टीने सर्वांत वाईट. घरून येणाऱ्या मावशी चार वाजल्यापासून उभ्या असतात, त्यांची चकती तोवर जागेवर आलेली असते. रात्रपाळीत पहाटे दोन घटका डोळा लागलेला कक्षसेवक मात्र उठल्याबरोबर पाळी संपण्याआधी सगळे बांधून टाकण्याच्या मागे लागतो, त्याने आधी जरा चालून घ्यावे, पाणी प्यावे, रुग्णांच्या ट्रॉल्या जागेवर लावाव्यात, आणि मग बोचक्याला हात घालावा.

संसर्ग टाळण्याचे नियम आणि पाठ सांभाळण्याचे नियम यांच्यात एक खरा पेच आहे. पाठीचे शास्त्र सांगते, की भार छातीशी धरा. संसर्गनियंत्रणाचे शास्त्र सांगते, की मळके कपडे अंगापासून दूर धरा, झटकू नका, गणवेशाला लागू देऊ नका. दोन्ही बरोबर आहेत. रक्ताने, शौचाने, उलटीने भरलेली चादर पोटाशी कवटाळून नेणे कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. शिवाय कपड्यांत विसरलेली सुई किंवा पाते असू शकते, आणि खालून हात घालून बोचके धरणाऱ्यालाच ती टोचते. आमच्या भागात आणखी एक भीती आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा ती बातमी देशभर गेली. पण फवारणीच्या हंगामात विषबाधेचे रुग्ण दरवर्षीच येतात, आणि त्यांच्या अंगावरचे कपडे व उलटीने भिजलेल्या चादरी यांतील औषध कातडीतूनही अंगात जाऊ शकते. या पेचातून सुटका एकाच मार्गाने होते, ती म्हणजे हातांनी वाहून नेण्याचे अंतरच संपवणे. ट्रॉली खाटेपर्यंत आणावी, चादर जागेवरच मळकी बाजू आत घेत गुंडाळावी, आणि एकेक करून ट्रॉलीवरील पिशवीत सोडावी. एक चादर अंगापासून दूर धरली तरी पाठीला काही होत नाही. तीस चादरी दूर धरता येत नाहीत. जेथे हाताने न्यावेच लागते, तेथे रबरी एप्रन आणि जाड हातमोजे असावेत, म्हणजे भार अंगाजवळ घेता येईल. हिपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस, पहिला, मग एका महिन्याने आणि मग सहाव्या महिन्यात, परिचारिकांना आठवणीने दिले जातात. धुलाईच्या मामांचे नाव त्या यादीत आहे का, हे प्रत्येक अधिसेविकेने एकदा पाहावे.

डोक्यावरून नेण्याचा विषय काढला, की शहरातील तज्ज्ञ नाक मुरडतात. चुंबळीवर भार ठेवून ताठ चालणाऱ्या बाईच्या कमरेवर पुढे ओढणारा ताण नसतो, कारण भार नेमका कण्याच्या रेषेत येतो, हे मान्य करायला हवे. गोम वेगळी आहे. भार डोक्यापर्यंत चढवताना आणि उतरवताना कंबर तेवढीच पिळली जाते, मानेचे मणके दबतात, ओल्या बोचक्याचे पाणी केसांतून तोंडावर येते, आणि ते पाणी कशाचे आहे ते वर सांगितलेच आहे. शेतातील कापसाच्या गाठोड्याला जे चालते ते रुग्णालयाच्या बोचक्याला चालत नाही.

सर्वांत वाईट उचल मात्र वॉर्डात होत नाही, ती टाक्यापाशी होते. रक्ताचे कपडे हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात अर्धा तास भिजवतात, त्यासाठी मोठे प्लॅस्टिकचे टब वापरतात, आणि ते जमिनीवर असतात. भिजून दुप्पट-तिप्पट झालेले कापड, निसरडे हात, ओली फरशी, टबाच्या कडेमुळे पाय जवळ नेता येत नाहीत, असे सगळे तेथे एकत्र येते. टब रिकामा करायला दोघांनी तो उचलून कलता करायचा, ही पद्धत तर बंदच व्हायला हवी. टबाला तळाशी तोटी बसवून घ्यावी, द्रावण आधी वाहू द्यावे, कापड निथळू द्यावे, आणि मग एकेक नग पिळून वर काढावा. टब दोन विटांच्या थरांवर नव्हे, नीट बांधलेल्या ओट्यावर असावा. पाणी काढणारे यंत्र, ज्याला धुलाईवाले नुसते हायड्रो म्हणतात, ते बंद पडले की पावसाळ्यात सगळा भार ओल्या रूपातच दोरीपर्यंत जातो. म्हणून त्याची दुरुस्ती हा पाठीचा प्रश्न समजून मृगाच्या आधी उरकावी. वाळत घालण्याची दोरी डोक्याच्या वर नको, छातीच्या जरा वर पुरते. उन्हाळ्यात चादर तासाभरात वाळते, तेव्हा कुणाला दोरीची उंची आठवत नाही.

नोंदवहीमुळे होणाऱ्या वाकण्याविषयी मात्र कुणी बोलत नाही. मळके कपडे धुलाईला देताना मोजून द्यायचे, ही सरकारी रीत आहे, कारण हरवलेल्या चादरीची वसुली शेवटी वॉर्डाच्या परिसेविकेच्या गळ्यात येते. मोजण्यासाठी बांधलेले बोचके सोडायचे, जमिनीवर पसरायचे, एकेक उचलून दुसऱ्या ढिगात टाकायचे आणि पुन्हा बांधायचे. हेच धुलाईच्या खोलीत दुसऱ्यांदा होते, कारण तिकडचा माणूस इकडच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. एका चादरीमागे चार-पाच वेळा वाकणे वाढते, झटकण्याने जंतू उडतात, आणि या सगळ्याचे फळ म्हणजे वहीतील एक सही. यावर तोडगा सोपा आहे. मळके न मोजता स्वच्छ मोजावे. वॉर्डाच्या कपाटात किती संच असायला हवेत ते ठरवावे, रोज कमी असतील तेवढे भरून द्यावेत, आणि महिन्याअखेरीस वस्त्रपालाने एकदा सगळी शिल्लक मिळवावी. खाटेमागे पाच-सहा संच असावेत, असे रुग्णालय-व्यवस्थापनात शिकवतात. तेवढे असतील तर हे सहज जमते. दोन-तीनच संच असले, की प्रत्येक चादर सोन्याची होते आणि मोजणी सुटत नाही. म्हणजे कपाटातील तुटवड्याची किंमतही कुणाच्या तरी पाठीनेच मोजली जाते.

पाठीत उसण भरली, तर पायाळू माणसाची लाथ खाल्ल्याने ती उतरते, असा समज आमच्याकडे अजून आहे, आणि रुग्णालयाच्या आवारात काम करणारी माणसेही त्याला अपवाद नाहीत. साधी चमक बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप कमी होते, म्हणून श्रेय लाथेला जाते. साध्या दुखण्यात दिवस-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुण धरू नये, झेपेल तसे हिंडत-फिरत राहावे. मात्र पायातील जोर गेला, मांड्यांच्या आतील बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर लाथ, शेक, मालिश यांतील काहीही न करता त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे न्यावे. सुई टोचली तर नोंदवायला रुग्णालयात वही असते. पाठ धरली तर नसते. ती बाई घरी जाते आणि तिचा खाडा लागतो.

वजनाच्या मर्यादेचा विचार कायद्याला नवा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३४ व्या कलमाने इजा होईल इतका भार उचलायला लावण्यास मनाई केली होती, १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने याच विषयावर करार केला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पोत्याचे वजन त्यामुळे चर्चेत तरी आले. बोचके कुणाच्या चर्चेत नाही, कारण ते कापडाचे असते आणि कापड हलके असते असे सर्वांना वाटते. अमरावती जिल्ह्यात, परिटाच्या घरी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचा खराटा स्वच्छतेच्या प्रत्येक मोहिमेत पुढे असतो. त्यांच्या घरच्या धंद्यातील गाठोड्याची आठवण मात्र रुग्णालयातही कुणाला होत नाही.

माझा आग्रह म्हणून एवढाच, की बोचके वजनावर घ्यावे. महागडे यंत्र त्यासाठी लागत नाही. अंगणवाडीत बालकांना झोळीत बसवून वजन करण्याचा २५ किलोंचा टांगता काटा असतो, तसा एक धुलाईसाठी वेगळा घेऊन वॉर्डाच्या दाराशी टांगला, तर आठवडाभरात गाठ मारणाऱ्याचा अंदाज सुधारतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पिशवीच लहान करणे. निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून टाकलेल्या चादरींतून, दोन बाजूंना मजबूत कान लावून, कोरड्या कपड्यांसाठी अशा मापाच्या पिशव्या शिवाव्यात, की तोंडापर्यंत भरल्या तरी आठ-दहा किलोंच्या पुढे जाऊच नयेत. आणि दोन-तृतीयांश भरली की तोंड बांधावे, म्हणजे धरायला मान मिळते. ओल्या कपड्यांसाठी न गळणारी, त्याच्या निम्म्या मापाची वेगळी पिशवी हवी. ज्या रुग्णालयांत धुलाई ठेक्याने दिली जाते, तेथे निविदेत प्रति नग दर असतो, साबणाचा दर्जा असतो, वेळेत न दिल्यास दंड असतो. त्यातच पिशवीच्या कमाल वजनाची एक ओळ घालता येते, आणि ती वॉर्डालाही तेवढीच लागू करता येते.

ट्रॉलीसाठी रुग्ण कल्याण समितीकडे किंवा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतून मागणी करताना मात्र नुसते ‘कपड्यांची ट्रॉली, एक नग’ असे लिहू नये, कारण मग फरशीवर पळणारी, सुपारीएवढ्या चाकांची चकचकीत वस्तू येते आणि आवारातील पहिल्याच खडीत रुतते. चाके मोठी आणि रबरी असावीत, त्यांपैकी दोन वळणारी असावीत, मूठ ढकलणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर असावी, कारण ओढण्यापेक्षा ढकलणे पाठीला सोपे जाते. तळ खोल नसावा. खोल असेल तर तो स्प्रिंगवर असावा, म्हणजे कपडे कमी होत जातील तसा तळ वर येतो आणि शेवटची चादर काढायला आत डोके घालावे लागत नाही. वॉर्डाच्या पायरीला उतार करून घ्यावा, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा, आणि धुलाईच्या खोलीपर्यंतची वाट सिमेंटची करावी. गवंडी आलाच आहे, तर ७५ सेंटीमीटरचा ओटा त्याच फेरीत बांधून घ्यावा, आणि त्याची उंची मोजताना साहेबांना नव्हे, मावशींना शेजारी उभे करावे.